झाडाचा घेर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘वृक्षारोपण’ हा आपल्याकडचा मोठा भारदस्त शब्द. पहिला पाऊस पडला की तो शाळेच्या फळ्यावर येतो, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर येतो, पतसंस्थेच्या फलकावर येतो. मी कवितेच्या नादी लागलेला माणूस. शब्द समोर आला की तो उलटसुलट करून बघायची मला खोड आहे. हा शब्द मी कितीदा तरी असा फिरवून पाहिला आणि प्रत्येक वेळी वाटलं, यात काहीतरी घाई झाली आहे. वृक्ष लावता येत नाही. खड्डा घेऊन, माती ओढून, पाणी घालून आपण लावतो ते रोप. त्याचा वृक्ष व्हायला पन्नास-साठ पावसाळे जावे लागतात. तेवढ्या काळात ते शेळीच्या तोंडातून, कोयत्याच्या धारेतून, वणव्यातून आणि रस्त्याच्या आखणीतून वाचावं लागतं. आमच्या गावाचं नावच शेळगाव; तेव्हा शेळीबद्दल मी जास्त काही बोलत नाही.

रोप आणि वृक्ष यांतला हा फरक नुसता शब्दांचा नाही. हवेतला कार्बन कोण किती साठवतं, याचा मोठा हिशेब या फरकावर उभा आहे. आज मला त्याविषयीच बोलायचं आहे. मी बी.ए. झालेला माणूस, विज्ञानाची पुस्तकं दहावीला मिटली ती मिटलीच. पण या विषयावर गेल्या काही वर्षांत जे वाचलं, ते समजायला प्रयोगशाळा लागत नाही. एक सुतळी आणि थोडी आकडेमोड पुरते.

झाड कशाचं बनतं, असं पारावर कुणाला विचारलं तर उत्तर येतं, मातीचं. सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या व्हान हेल्माँट नावाच्या वैद्याने हे पडताळून पाहिलं. त्याने वाळवलेली दोनशे पौंड माती कुंडीत भरली आणि तीत वाळुंजाच्या जातीचं पाच पौंडांचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड भरलं १६९ पौंड. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम दोन औंसांनी कमी झालेली. त्याला वाटलं, झाड पाण्याचंच बनलं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं उत्तर पुढच्या लोकांना सापडलं. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, उन्हाच्या जोरावर त्यातला कार्बन वेगळा करून बांधतं आणि त्याचं लाकूड होतं. पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. ज्याने कोळशाची भट्टी पाहिली आहे, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि तेच लाकूड जळलं, की त्यातल्या एक किलो कार्बनचा हवेत पावणेचार किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे झाड ही हवेची घडी करून ठेवलेली पेटी आहे, असं समजा.

आता ती पेटी केवढी, ते पाहू. जंगलखात्याची माणसं झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात. आपल्याकडे ही उंची जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट धरतात. बुंध्याला सुतळी गुंडाळायची, ती मोजायची आणि आलेल्या आकड्याला ३.१४ ने भागायचं. निघाली झाडाची जाडी. त्यावरून वजन काढायचं सूत्र २०१४ साली जेरोम शाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. त्यासाठी उष्ण कटिबंधातल्या ५८ ठिकाणच्या, तोडून तोललेल्या ४,००४ झाडांची मापं त्यांनी एकत्र केली होती. जाडी, उंची आणि लाकडाचा घट्टपणा या तीन गोष्टी त्यात घालायच्या.

मी ते सूत्र घेऊन बसलो. एक झाड धरलं दहा सेंटिमीटर जाडीचं, सात मीटर उंचीचं. मनगटापेक्षा जाड, मांडीपेक्षा बारीक असं. त्याचं जमिनीवरचं वाळलेलं वजन आलं सुमारे सव्वीस किलो. दुसरं झाड धरलं त्याच जातीचं, एक मीटर जाडीचं, अठरा मीटर उंचीचं. त्याचा घेर सव्वातीन मीटरच्या जरा आत. दोन माणसांनी हात पसरून कवेत घ्यावं एवढा. त्याचं वजन आलं जवळपास सहा टन. जाडी दहापट, पण वजन सव्वादोनशे पट. कारण उघड आहे. बुंधा दहापट जाड झाला की त्याचा काप शंभरपट रुंद होतो आणि झाड वरही गेलेलं असतं.

या सहा टनांत पावणेतीन टनांवर कार्बन आहे. हवेच्या भाषेत तो दहा टन कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एका जुन्या झाडात साडेचार हजार लिटर पेट्रोलचा धूर अडकून पडलेला आहे. लिटरला पन्नास किलोमीटर देणारी मोटरसायकल त्यावर सव्वादोन लाख किलोमीटर चालेल. आणि मुळांचं वजन यात धरलेलंच नाही. वडासारख्या पारंब्या टाकून पसरणाऱ्या झाडाला हे सूत्र तसंच्या तसं लागू पडत नाही. संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीचा तो प्रसिद्ध वड मोजायचा, तर सुतळी कुठे गुंडाळायची हाच प्रश्न पडेल.

यावर कुणी म्हणेल, जुनं झाड साठवून बसलं आहे हे खरं, पण वाढतं ते तरुण झाड. म्हातारं झाड नुसतं उभं असतं. आपल्या घरांतही म्हाताऱ्या माणसांबद्दल असंच बोललं जातं, आणि झाडांच्या बाबतीत तरी ते चूक निघालं आहे. २०१४ मध्येच ‘नेचर’ या नियतकालिकात नेट स्टीफन्सन आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी ४०३ जातींच्या ६ लाख ७३ हजार झाडांची मोजमापं तपासली. बहुतेक सगळ्या जातींत, झाड जितकं मोठं तितकी त्याची वर्षाची भर जास्त, असं आढळलं. एक मीटर जाडीचं झाड वर्षाला सरासरी १०३ किलो लाकूड अंगावर घेतं. त्याच जातीच्या अर्धा मीटर जाडीच्या झाडापेक्षा हे जवळपास तिप्पट. मघाच्या आपल्या सव्वीस किलोच्या झाडाशी ताडून पाहा. मोठं झाड एका वर्षात तशी चार झाडं अंगावर चढवतं, आणि आपल्याला ते फक्त उभं दिसतं.

मग जंगलात काय होत असेल? जगभरातल्या ४८ मोठ्या अभ्यासक्षेत्रांचा हिशेब जेम्स लुट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडला. तिथल्या एक सेंटिमीटरहून जाड सगळ्या झाडांत सगळ्यात मोठी अशी जी एक टक्का झाडं होती, त्यांनी जमिनीवरच्या एकूण वजनाचा निम्मा वाटा उचललेला होता. शंभरात एक झाड, आणि निम्मं ओझं त्याच्यावर. आपल्या देशात असं अभ्यासक्षेत्र तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली पन्नास हेक्टर जंगल आखून घेतलं आणि त्यातल्या प्रत्येक झाडाला क्रमांक दिला. तेव्हापासून तिथे कोण वाढलं, कोण हत्तीने मोडलं, कोण वणव्यात गेलं याची नोंद होत आली आहे. दप्तर ठेवावं तर असं.

हे सारं ओझं थोड्या खांद्यांवर असल्यामुळे एक अडचण होते. माणसाचा हात पहिला पडतो तो याच झाडांवर. जंगल सरसकट तोडलं, तर ते आकाशातून उपग्रहालाही दिसतं, त्यावर ओरड होते. पण मोठी झाडं निवडून काढली, तर वरून जंगल हिरवंच दिसतं. कागदावर क्षेत्र तेवढंच राहतं आणि आतून ते रिकामं होतं. एखाद्या घराच्या भिंती, कौलं, तुळशीवृंदावन सगळं जागेवर असावं आणि आतली कमावती माणसं तेवढी निघून जावीत, तसं. अलेस्सांद्रो बाचिनी आणि सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या साहाय्याने २००३ ते २०१४ या काळातला उष्ण कटिबंधातल्या जंगलांचा हिशेब केला. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जंगलांनी गमावलेल्या कार्बनपैकी सुमारे ६९ टक्के कार्बन या आतल्या झिजेमुळे गेला होता: निवडक तोड, सरपण, आगी, दुष्काळ. उघड उघड तोडलेल्या जंगलाचा वाटा त्याहून कमी होता.

कुऱ्हाड न लावताही मोठी झाडं मरतात. ब्राझीलमध्ये मनाऊस शहराच्या उत्तरेला १९७९ पासून एक दीर्घ प्रयोग चालत आला आहे. गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडलं जात असताना मध्ये मध्ये जंगलाचे तुकडे राखून ठेवले आणि त्यांचं पुढे काय होतं ते पाहिलं. विल्यम लॉरन्स आणि सहकाऱ्यांनी २००० साली लिहिलं, की तुकड्याच्या कडेला मोठी झाडं आतल्या जंगलापेक्षा जवळपास तिप्पट वेगाने मरतात. आत सावलीत, ओलाव्यात, सोबतीने वाढलेलं झाड एकदम उघड्यावर येतं. वारा त्याला हलवतो, ऊन त्याचं पाणी ओढून घेतं, वेली अंगावर चढतात. उंच झाडाला शेंड्यापर्यंत पाणी चढवायचं असतं. दुष्काळाचा पहिला मार त्यालाच बसतो. आपल्या पश्चिम घाटातही आनंद ओसुरी आणि सहकाऱ्यांनी कॉफी-चहाच्या मळ्यांत अडकलेले जंगलाचे तुकडे मोजले. सलग जंगलापेक्षा त्यांत कार्बन कमी भरला. एक कारण असं, की तिथली झाडं त्याच जाडीच्या आतल्या झाडांपेक्षा बुटकी होती.

जंगलातली जनावरं-पाखरंही या हिशेबात आहेत. आपल्या कोकणात आणि सह्याद्रीत धनेश हा पक्षी आहे. त्याला अंडी घालायला जुन्या, मोठ्या झाडाची ढोलीच लागते. मादी ढोलीत बसते, दार लिंपून घेते आणि फटीतून नर तिला फळं आणून भरवतो. मोठ्या बियांची फळं खाऊन त्या बिया दूरवर टाकण्याचं कामही तोच करतो. जुनं झाड गेलं की धनेशाचं घर गेलं. धनेश गेला की मोठ्या बियांच्या झाडांची पुढची पिढी अडली. बिघाड असा एकातून दुसऱ्यात जात राहतो.

सह्याद्रीत मोठी झाडं सलग कुठे उरली आहेत, याचं उत्तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे: देवराईत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्यांच्याकडे जगाचं लक्ष वेधलं. मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या आपल्याच जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आजही अशा राया आहेत. तिथे गारंबीचा वेल माणसाच्या मांडीएवढा जाड होतो. कुणी पहारा ठेवलेला नसतो. देवाची काडी घरी न्यायची नाही, एवढा एक नियम पिढ्यानपिढ्या पाळला गेला. गावाने बाकीच्या रानात हवी तेवढी लाकूडतोड केली, चूल पेटवली, घरं बांधली. एक तुकडा मात्र हाताबाहेर ठेवला.

आमच्याकडे पठारावर देवराई नाही. पण हीच रीत दुसऱ्या रूपात आहे. गावाच्या कब्रस्तानातला लिंब बघा, दर्ग्याजवळची चिंच बघा, मसणवट्यातला पिंपळ बघा, म्हसोबाच्या शेंदरामागचा हिवर बघा. आसपासच्या बांधावर याच जातीची झाडं नसतील असं नाही, पण घेर इथेच मोठा सापडतो. आमच्या घरातले वडीलधारे कब्रस्तानातली वाळली काटकीही चुलीत घालू देत नसत. तिथल्या लिंबाला सुतळी लावली, तेव्हा ती तीन मीटरच्या पुढे गेली. भीती म्हणा, अदब म्हणा, श्रद्धा म्हणा. झाडाला त्याचं नाव काय हे कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की इतकी वर्षं कुणी हात लावला नाही.

इथे एक पथ्य सांगितलं पाहिजे. मोठं झाड चांगलं, म्हणून दिसेल त्या माळावर झाडं लावत सुटावं, असं मात्र नाही. इंदापूर-बारामतीचा आमचा भाग पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचा. महाबळेश्वरला पाच हजारांवर पडतो, आणि ढग आमच्यापर्यंत येईतो हलका झालेला असतो. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आला आणि पाटाखालचा मुलूख उसाने हिरवा झाला. पाटावरचा माळ मात्र माळच राहिला. तो उजाड झालेलं जंगल आहे, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी वाङ्मयात, लोकगीतांत आणि आख्यायिकांत आलेल्या झाडाझुडपांची नावं गोळा केली आणि २०२५ मध्ये ती मांडली. तेराव्या शतकापर्यंत मागे गेलं, तरी पश्चिम महाराष्ट्राच्या या पट्ट्यातली वर्णनं गवताळ, काटेरी, विरळ झाडीच्या मुलखाचीच आहेत. कवी माणसाला याचा वेगळा आनंद होतो. आपण लिहितो ते कधीकाळी पुराव्याला उपयोगी पडेल, असं आमच्या धंद्यात कुणी धरून चालत नाही.

हा माळ मोकळा असल्यामुळेच आमच्या तालुक्यातल्या कडबनवाडीला चिंकारा दिसतो, लांडगा दिसतो. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये झालं, तेही चिंकाऱ्यासाठी. गवताचा कार्बन दिसत नाही, कारण तो मुळांत आणि मातीत असतो. तिथे खड्डे घेऊन गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या केल्या, तर गवतही जातं, चिंकाराही जातो आणि मोठं झाडही होत नाही. म्हणून ज्या जमिनीचा जो धर्म, तो तिला पाळू द्यावा. जंगलाला मोठी झाडं हवीत, माळाला गवत हवं, आणि आमच्यासारख्या गावाला बांधावर, ओढ्याकाठी, वाटेवर आधीच उभी असलेली जुनी झाडं हवीत.

वाटेचं नाव निघालं म्हणून सांगतो. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरला येते, बेलवाडीला रिंगण होतं, अंथुर्ण्याला मुक्काम पडतो आणि मग आमच्या शेळगाव फाट्यावरून ती निमगाव केतकीकडे जाते. या वाटेवरच्या वडा-लिंबांखाली कितीतरी पिढ्यांच्या दिंड्या टेकल्या. त्या झाडाखाली वारकऱ्यांना पाणी देताना मी लहानाचा मोठा झालो. पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली आणि रस्ता रुंद करताना कडेची जुनी झाडं गेली. रस्ता नको होता, असं मी म्हणणार नाही. उसाच्या ट्रॉल्या, एसट्या, मोटारी आणि पायी चालणारी लाखो माणसं एका अरुंद पट्टीवर यायची, तेव्हा जीव मुठीत धरून चालावं लागे. पण गेलेल्या झाडांचा हिशेब आपण कसा मांडतो, तो मात्र तपासला पाहिजे.

आपल्याकडे तो नगांत मांडतात. अमुक इतकी तोडली, तितक्याच्या अमुकपट लावणार. महाराष्ट्राने २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट धरलं होतं. तोही नगांचाच हिशेब. नाही म्हणायला २०२१ साली राज्याने नागरी भागातल्या झाडांच्या १९७५ च्या कायद्यात एक चांगली दुरुस्ती केली. पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारशाचा दर्जा दिला आणि असं झाड तोडावंच लागलं, तर त्याचं जितकं वय तितकी रोपं लावावीत, असं सांगितलं. वय विचारलं गेलं, ही मोठी गोष्ट झाली. पण आपली मघाची आकडेमोड आठवा. एक मीटर जाडीच्या झाडाच्या तोलाला दहा सेंटिमीटरची सव्वादोनशे झाडं लागतात, तीही जगलेली आणि वाढलेली. शंभर वर्षांच्या झाडाबदली शंभर रोपं लावली आणि देवाच्या दयेने सगळी जगली, तरी ती इतकी वाढेपर्यंत पारडं हलकंच. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरावी आणि ती वयाने गुणावी, असं सुचवलं. प्रकरण बंगालमधल्या रेल्वे पुलांसाठी तोडायच्या ३५६ झाडांचं होतं आणि सरन्यायाधीश होते आपल्या नागपूरचे शरद बोबडे. आकडा बरोबर की चूक यावर वाद होतील. पण जुन्या झाडाची किंमत त्याच्या सरपणाइतकी नाही, हे देशाच्या मोठ्या न्यायालयासमोर कुणीतरी आकड्यात लिहून दिलं.

शहराचे कायदे शहरापुरते. खेड्यात १९६४ च्या कायद्याने काही जातींची झाडं तोडायला परवानगी लागते; बाकीचं बांधाच्या मालकावर. आणि त्या मालकाची बाजू मी रोज ऐकतो. आमच्या शिवारात एका शेतकऱ्याच्या बांधावर जुनं लिंबाचं झाड आहे. मी सुतळी घेऊन गेलो, तर ते हसले. म्हणाले, “शायर, सावली तुम्हाला गोड लागते. तिच्याखाली माझ्या उसाच्या चार सऱ्या दरसाल पिवळ्या पडतात. व्यापारी रोख पैसे देऊन उद्या मशीन लावून नेतोय. तुमचा कार्बन मला काय देतो?”

मी गप्प राहिलो, कारण प्रश्न खरा होता. लिंब वीटभट्टीला गेला, तर शंभर वर्षांची साठवण दोन-चार दिवसांच्या धुरात संपते. पूर्वी बाभूळ तुटायची ती औताला, गाडीच्या चाकाला. लिंब तुटायचा तो आढ्याला, दाराच्या चौकटीला. तो कार्बन निदान घरात दोन पिढ्या राहायचा. आज तसं होत नाही. पण हे सगळं त्या माणसाला सांगून त्याची चार सऱ्यांची नुकसानी भरून येत नाही. हवा सगळ्यांची आणि तोटा एकट्याचा, असा हा व्यवहार आहे. पुण्या-मुंबईची हवा राखायचं काम इंदापूरच्या बांधावर फुकटात चालावं, ही अपेक्षा रास्त नाही. नवं रोप लावायला आपल्याकडे अनुदान आहे, समारंभ आहे, छायाचित्र आहे. जुनं झाड न तोडणाऱ्यालाही त्याच्या घेराच्या हिशेबाने दरसाल काही मिळालं पाहिजे. आणि हे देणं गावाने, कारखान्याने, सरकारने मिळून उचललं पाहिजे. तो लिंब अजून उभा आहे. भावाभावांची वाटणी कज्ज्यात अडकली म्हणून उभा आहे. एवढ्या मोठ्या झाडाचं आयुष्य कोर्टाच्या तारखांवर टांगलेलं असावं, हे मला बोचतं.

तोवर आपल्या हातात काय आहे? जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असते. आपल्या गावची ती वही मागून घ्या. तीत झाडांच्या जातींची यादी असेल. तिच्यापुढे एक रकाना वाढवा: घेर. गावात दोन मीटरच्या वर घेर असलेली झाडं किती, कुणाच्या बांधावर, कुणाच्या अंगणात, एवढं लिहा. शाळेतली पोरं हे काम एका आठवड्यात करतील. सुतळी, खडू आणि वही. दुसरा खर्च नाही. साडेचार फुटांवर खडूची खूण करायची, तिथेच पुढच्या वर्षी पुन्हा मोजायचं. घेर तीन सेंटिमीटरने वाढला, तर समजायचं की जाडी एका सेंटिमीटरने वाढली. आणि ते मीटरभर जाडीचं झाड असेल, तर शंभर किलोंच्या वर लाकूड एका वर्षात चढलं.

अशी वही तयार असली, की उद्या रस्ता आला, पाईपलाईन आली, वाटणी आली, तर बोलायला काही हातात राहतं. आखणी करणारा साहेब नकाशा घेऊन येतो. आपल्याकडेही कागद असतो. या झाडाचा घेर इतका, वजन इतकं, रस्ता चार हात पलीकडून घेता येईल का, असं विचारता येतं. आज आपण झाड पडल्यावर हळहळतो, कारण ते उभं असताना त्याची नोंद कुणीच घेतलेली नसते.

यंदाच्या पावसाळ्यात रोपं जरूर लावा, ओढ्याच्या कडेला लावा, घराच्या परसात लावा. पण खड्डा घ्यायच्या आधी गावातल्या जुन्या झाडांना एकदा सुतळी लावून या. आमच्या गावात आतापर्यंत एकतीस झाडं वहीत आली आहेत. ओढ्याच्या पलीकडची अंगं अजून राहिली आहेत. ती दिवाळीच्या सुटीत मोजायची, असं पोरांनी ठरवलं आहे.